कवळीला पंधरा दिवस सुट्टी

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात, आणि त्यातही कवळी बसवणाऱ्याकडे! बाकीचे पेशंट आ करून बसतात, ते बोलणार काय? कवळीवाल्यांचं उलटं आहे. कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली की जीभ मोकळी सुटते आणि माणूस थेट स्वतःच्या लग्नापासून सुरुवात करतो. निम्मं कळतं, निम्मं अंदाजानं घ्यायचं. सोळा वर्षांत इतकं जमलंय की मिरजेला माहेरी गेले की बॅग खाली ठेवायच्या आत भाऊ विचारतो, "ताई, या वेळी कुणाचे दात?"

तर मी मिरजेची, पडले तंजावरात. सासरची मंडळी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इकडचीच झाली. घरात मराठी बोलतात, पेपर तमिळ वाचतात आणि भांडण रंगात आलं की इंग्रजी. मी नवीन आले तेव्हा माझं मराठी ऐकून सगळे गप्प बसायचे. मला वाटलं, आदर! नंतर कळलं की आमच्या तुळसाकाकी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, म्हणाल्या होत्या, "छान बोलते ही, रेडिओवरच्यासारखं. बंद कुठून करायचं तेवढं विचारून ठेवा."

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत खाली माझं क्लिनिक, वर आम्ही, आणि शेजारच्या घरात भीमकाका आणि तुळसाकाकी. क्लिनिकमध्ये मदतीला सेल्वीअक्का. माझ्या आधीच्या डॉक्टरांकडेही तीच होती, त्यामुळे क्लिनिक तिचं आणि डिग्री माझी, अशी आमची वाटणी आहे.

आमच्याकडे येणारं दुखणं बहुतेक एकच. कवळी केली तशीच राहते, हिरडी मात्र दरवर्षी थोडी थोडी झिजते. मग कवळी हलते, घासते, टोचते. खाली हिरडी लाल होते, सुजते, जखम होते, कधी कडेला मांसाची घडीच वाढते. आणि पेशंट म्हणतो, "डॉक्टर, एक गोळी द्या." अहो, गोळी कसली? पहिलं औषध म्हणजे कवळी काढून ठेवायची! पंधरा दिवस हिरडीला आराम, कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, मऊ जेवण. एवढं सांगितलं की चांगली शहाणीसुरती माणसं माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना भर रस्त्यात धोतर सोडायला सांगितलंय.

सेल्वीअक्का त्यांना एकच विचारते, "चप्पल चावली तर चप्पल काढता की पाय?"

* * *

अंबुजाबाई आमच्याच लोकांतल्या. सोवळं इतकं कडक की खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीवर पाणी शिंपडतील. कवळी रात्रंदिवस तोंडात, त्यामुळे टाळू लालभडक आणि त्यावर बुरशी. मी औषध दिलं आणि सांगितलं, "रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. रोज."

दुसऱ्या दिवशी सून हजर. "पाण्यात म्हणजे कशात?"

"कशातही. एखाद्या वाटीत."

"वाटी स्वयंपाकघरातली. कवळी उष्टी. ती वाटी परत आत कशी घ्यायची?"

"मग वेगळी वाटी घ्या."

"घेऊ. ठेवू कुठे?"

आता हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं! स्वयंपाकघरात चालणार नाही. देवघराच्या भिंतीला लागून चालणार नाही. हॉलमध्ये सासऱ्यांचा फोटो, त्यांच्यासमोर नको. बाथरूममध्ये नको, कारण त्याच दातांनी देवाचा प्रसाद खायचा. अंगणात माकडं. घरात बैठक बसली, चेन्नईच्या मुलाला फोनवर घेतलं, तरी ठराव होईना.

चौथ्या दिवशी अंबुजाबाई स्वतः आल्या. चेहऱ्यावर मोठा खटला जिंकल्याचं तेज.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "उष्टं उष्टं कधी होतं? तोंडातून बाहेर आलं की. तोंडात आहे तोवर त्याला दोष नाही. तेव्हा रात्री ते तोंडातच ठेवायचं, असं सगळ्यांचं मत पडलं."

सेल्वीअक्का कापूस कापता कापता म्हणाली, "नारळाची करवंटी घ्या. रोज नवी. सकाळी टाकून द्यायची."

करवंटीला दोष नाही! अंबुजाबाईंचे डोळे चमकले. तीन आठवड्यांत टाळू छान गुलाबी झाला. त्या घरात आता रोज एक नारळ फुटतो आणि सांबार, भाजी, चटणी सगळ्यांत खोबरं पडतं. मुलाचं कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणे, पण ते खातं माझं नाही.

* * *

भीमकाकांची ओळख आत्ताच करून देते. रिटायर्ड पोस्टमास्तर, वय ऐंशीच्या पुढे. रोज सकाळी नऊ वाजता माझ्या वेटिंग रूममध्ये येऊन पेपर वाचणार. त्यांच्या घरी पेपर येतो, पण माझ्याकडचा पंखा चांगला! पेपर वाचून झाला की बसलेल्या पेशंटना उपदेश सुरू.

"पंधरा दिवस! फक्त पंधरा! हिरडीला श्वास घेऊ द्या. मन घट्ट करा." मग आवाज खाली आणून, "डॉक्टर आमची सून आहे."

त्यांची स्वतःची कवळी होती बावीस वर्षांची, माझ्या आधीच्या डॉक्टरांनी केलेली. कितीदा म्हटलं, "काका, एकदा बघू द्या तरी." तर म्हणायचे, "घरच्या माणसाला कशाला त्रास? माझं फिटिंग उत्तम आहे."

अकरा वाजता तुळसाकाकी दारातून हाक मारणार, "कॉफी झाली. तुमचं हॉस्पिटल आवरलं असेल तर या."

* * *

एकदा वीणा घडवणारे एक वयस्कर आसारी, म्हणजे इकडचे सुतार, आले. त्यांनी तोंड उघडलं. खालची हिरडी काळी ठिक्कर! मी मनात मोठमोठ्या आजारांची नावं घ्यायला लागले. घाबरत कापसानं पुसलं तर काळं सगळं कापसावर आलं.

"हे काय लावलंय?"

"मेण," आसारी शांतपणे म्हणाले. "वीणेचे पडदे ज्या मेणात बसवतो ना, तेच. मेण आणि काजळी. कवळी हलत होती म्हणून खालून भरलं. चोवीस पडदे त्याच्यावर बसतात, तीस-तीस वर्षं हलत नाहीत."

"अहो, पण वीणा गरम रसम पीत नाही!"

"तेही खरं."

मेणाखाली तीन ठिकाणी जखमा होत्या. मी सगळं साफ केलं आणि नेहमीचं भांडण करायच्या तयारीनं म्हटलं, "आता पंधरा दिवस कवळी घालायची नाही. हिरडी बरी झाल्याशिवाय मी नवीन माप घेणार नाही."

आसारींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल आदर दिसला. "बरोबर. ओल्या लाकडावर काम करेल तो कारागीर कसला? पण पंधरा दिवस? फणसाचं खोड आम्ही वर्षानुवर्षं वाळवतो, डॉक्टर. घाई करू नका."

माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमधला हा एकमेव आज्ञाधारक पेशंट! या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. सेल्वीअक्का दर दोन महिन्यांनी फोन करते, ते म्हणतात, "अजून थोडं वाळू दे."

* * *

दुसरे एक होते सर्व्हेअर. महसूल खात्यात हयात गेलेली, सगळ्या जिल्ह्याची जमीन साखळीनं मोजलेली. त्यांना वाटलं की वरची कवळी टाळूला फार घट्ट धरते, हवा खेळत नाही. मग काय, घरच्या ड्रिल मशीननं कवळीला मधोमध भोक पाडलं! रुपयाच्या नाण्याएवढं, कडा घासून गुळगुळीत. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू?

कवळी काढून पाहिलं तर टाळूवर मांसाचा एक गोल उंचवटा, बरोब्बर त्या भोकाच्या मापाचा. मोकळी जागा मिळाली की टाळूचं मांस त्यात वाढतं, हे आम्हाला पुस्तकात असतं. मी त्यांना आरशात दाखवलं.

सर्व्हेअरनी आरसा जवळ ओढला. मग म्हणाले, "पोरंबोक."

पोरंबोक म्हणजे इकडे सरकारी पडीक जमीन, जिचा कुणी मालक नाही ती.

"पोरंबोक ठेवली की अतिक्रमण होणारच," ते स्वतःवरच चिडून म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांना हेच ओरडून सांगितलं मी, आणि माझ्याच तोंडात!"

कवळी काढून ठेवल्यावर उंचवटा थोडा बसला, पण पूर्ण नाही. छोटं ऑपरेशन करावं लागणार होतं. संमतीच्या कागदावर सही करताना ते म्हणाले, "त्याला आधी नोटीस दिली पाहिजे. नियम आहे."

"किती दिवसांची?"

"सात."

आठव्या दिवशी वेळेवर आले. मी भूल द्यायच्या आधी सेल्वीअक्कानं त्यांच्या उघड्या तोंडात वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "मुदतीत जागा सोडलेली नाही. पाडा!"

* * *

मागच्या वर्षी मार्च महिन्यात सेल्वीअक्का मला म्हणाली, "तुमच्या काकांना काहीतरी झालंय."

"का? पेपर वाचतायत की."

"दोन दिवस झाले, कुणालाही उपदेश केलेला नाही."

मी बाहेर डोकावले. भीमकाका पेपर समोर धरून बसले होते. शेजारी एक बाई हिरडी सुजली म्हणून गाल धरून बसलेल्या, आणि काका गप्प! मग मला आठवलं, रविवारी जेवताना त्यांनी वड्याला हात लावला नव्हता, दहीभात तेवढा खाल्ला होता.

दुपारी सेल्वीअक्कानं दाराला आतून कडी लावली आणि आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीवर बसवलं. कवळी काढली. खाली डाव्या बाजूला, कवळीची कड टेकते तिथे, मांसाची जाड घडी वाढली होती आणि तिच्या बेचक्यात जखम.

"कधीपासून आहे हे?"

"पोंगलपासून."

म्हणजे दोन महिने! जी जखम तीन आठवड्यांत भरत नाही तिचा तुकडा तपासायला पाठवायचा असतो. हे वाक्य मी पेशंटना किती सहज सांगते! त्या दिवशी मी काकांवर ओरडलेच. "अहो, जगाला सांगता पंधरा दिवस, पंधरा दिवस! स्वतःला का नाही सांगटलं?" इतकी वर्षं झाली, रागात मीही आता इकडचंच मराठी बोलते.

काका कवळीशिवाय बोबडं बोलत होते, पण जे बोलले ते स्पष्ट कळलं.

"काढायला लावशील म्हणून. मला विडा धरायचाय."

* * *

आता हा विडा काय ते सांगते. आपल्याकडे लग्नात नवराबायकोचे खेळ असतात ना, त्यातला. विड्याची सुरळी एकानं दातात धरायची, दुसऱ्यानं बाहेरचं टोक दातांनी तोडायचं. इकडच्या आपल्या घरांतून तो टिकलाय. छप्पन्न वर्षांपूर्वी भीमकाकांच्या लग्नात काय झालं, तर शंभर लोक बघतायत म्हणून काका लाजले आणि विडा ओठांत नुसता टेकवला. तुळसाकाकींनी टोक धरून ओढलं आणि अख्खा विडा त्यांच्या तोंडात! बरं, हसून सोडून द्यावं? त्यांनी तो तिथेच सगळ्यांसमोर चावून खाल्ला.

त्या दिवसापासून घरात कशावरही मतभेद झाला, फ्रिज कुठला घ्यायचा, मुलाचं नाव काय ठेवायचं, पोंगलला घराला रंग कुठला द्यायचा, की काकी एवढंच म्हणणार, "अख्खा विडा कोणी खाल्ला?" विषय संपला!

आणि आता मे महिन्यात काकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्याला इकडे सदाभिषेकम म्हणतात आणि त्यात म्हाताऱ्या नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात. पुन्हा मंगळसूत्र, पुन्हा हार, आणि आमच्या घरात पुन्हा ते सगळे खेळ. मुहूर्त काकांच्या नक्षत्रावरून निघालेला, तो पुढेमागे होणार नाही.

"छप्पन्न वर्षं ऐकतोय मी," काका म्हणाले. "या खेपेला धरायचा. अर्धा तरी माझ्याकडे राहिला पाहिजे. तिचे सगळे दात तिचे आहेत. माझी ही कवळी. तीही तू काढून घेतलीस तर धरू कशानं?"

मला हसू येत होतं आणि रडूही. ऐंशीचा माणूस, दोन महिने दुखणं सोसत होता, ते एका विड्याच्या पानासाठी!

"काका, कवळी माझ्याकडे राहील," मी म्हटलं. "पण मुहूर्ताआधी नवी देते. शब्द!"

हा शब्द देताना सेल्वीअक्कानं मागून मला चिमटा काढला. शहाणी बाई ती.

* * *

पंधरा दिवसांत सूज उतरली. उरलेली घडी मी कापली आणि तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी दोन पेशंटची मापं चुकवली.

तुळसाकाकींना जखमेचं सांगितलं होतं, विड्याचं नाही. त्या रोज काकांना मऊ खिचडी करून घालत आणि चिडवत, "घ्या घ्या, लहान बाळाला चिऊचा घास!" रिपोर्ट आला, साधी सूज होती, वाईट काही नाही. मी धावत सांगायला गेले. काकी "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. आत नळ सुरू झाला तो बराच वेळ सुरू होता, आणि भांडी तर सगळी घासलेली होती.

मी खाली येऊन क्लिनिकमध्ये रडले. सेल्वीअक्का म्हणाली, "मास्क काढून रडा, डॉक्टर. ओला होतो."

* * *

त्याच दिवसांत तिरुवैयारूहून एक पाट्टु वाध्यार, म्हणजे गाण्याचे मास्तर, यायचे. त्यांचं सांगते, कारण त्यांनी माझा गर्व उतरवला. त्यांची खालची कवळी इतकी सैल की गाताना टक्, टक् वाजायची, आणि हिरडीवर जिथे आपटायची तिथे घट्टे. मी आतून मऊ अस्तर लावून दिलं. टक् बंद, दुखणं बंद. मी खूश!

आठवड्यानं मास्तर परत. बरोबर एका विद्यार्थिनीची आई, रागावलेली.

"दुखतंय का?"

"छे, छे. लोण्यासारखं बसलंय." मास्तर अवघडले. "पण पोरं ताल चुकायला लागली."

"म्हणजे?"

ती आई पुढे झाली. "मास्तरांच्या दातांचा टक् समेवर पडायचा. आमची मुलगी चार वर्षं त्यावरच ताल धरतेय. आता ती समेला येतच नाही, पुढे निघून जाते!"

मास्तर माझ्या कानाशी वाकले. "सगळा नको. डावीकडचा थोडा आवाज परत देता येईल का?"

* * *

तर भीमकाका. हिरडी इतकी सुंदर भरली की फोटो पुस्तकात छापावा. गुलाबी, घट्ट, कुठे एक ओरखडा नाही. मग मापं घेतली, आणि समारंभाच्या आठ दिवस आधी नवी कवळी बसवली. काकांनी आरशात पाहिलं आणि लगेच खिशातून विड्याची सुरळी काढली. बायकोनं पूजेसाठी आणलेल्या पानांतून चोरलेली!

"सेल्वी, ओढ."

सेल्वीअक्कानं चिमट्यात टोक धरलं आणि ओढलं. विडा आला, आणि विड्याबरोबर वरची कवळी खण्णकन ट्रेमध्ये!

आम्ही कड नीट केली, चिकटवायची पावडर लावली, पुन्हा ओढलं. रोज दुपारी दोन वाजता दार बंद करून हा उद्योग. कधी कवळी पडायची, कधी विडा निसटायचा. सातव्या दिवशी मी हात टेकले.

"काका, खरं सांगू? समोरच्या दातांनी असं ओढून धरेल अशी कवळी जगात कुणी करत नाही. जेवा, बोला, हसा. पण हे नाही जमायचं. आणि जोर लावलात तर हिरडी परत दुखावेल."

काका खुर्चीवरून उठले, शर्ट नीट केला. "तू तुझं केलंस ग," ते म्हणाले. "माझ्या नशिबात अर्धाही विडा नाही, दुसरं काय!" दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "तिला सांगू नकोस हं, सराव केला ते."

मला फार वाईट वाटलं. शब्द दिला होता ना मी!

* * *

समारंभ दणक्यात झाला. हॉल भरलेला, नादस्वरम सुरू, चेन्नईची नातवंडं, बंगळूरची नातवंडं, अंबुजाबाई पहिल्या रांगेत, सर्व्हेअर जेवणाची पंगत मोजून बसवतायत. ऐंशी कलशांचं पाणी डोक्यावर घेऊन काका गारठलेले, काकी जरीच्या लाल साडीत. पुन्हा मंगळसूत्र झालं. अक्षता पडल्या.

आणि नातवंडांनी ओरडायला सुरुवात केली, "विडा! विडा!" त्यांना मराठी बोलता येत नाही, पण हा शब्द बरोबर येतो.

पाटावर दोघं समोरासमोर. भटजींनी विड्याची सुरळी काकांच्या हातात दिली. काकी पदर सावरत म्हणाल्या, "धरा. का आताच देऊन टाकता?" हॉल हसला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको नको म्हणून मान हलवली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडापुढे धरला, आणि नवी कोरी कवळी, वरची आणि खालची, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. दोनशे माणसांसमोर! गाल एकदम आत गेले. मग त्यांनी विडा उघड्या हिरड्यांत आडवा घेतला आणि तोंड असं घट्ट मिटलं की हनुवटी नाकाला लागली.

हॉलमध्ये जे हसू फुटलं ते थांबेना. काका मात्र हसले नाहीत. ते डोळे मिटून बसले होते, सगळा जीव त्या हिरड्यांत आणून. घट्ट, गुलाबी, माझ्या हातची! मी मनातल्या मनात म्हणत होते, धरा काका, सोडू नका.

तुळसाकाकी हसत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. टोक तोडायला पुढे वाकल्या, आणि थांबल्या. मग भिंतीकडे तोंड फिरवलं, पदर डोक्यावरून खाली ओढला, आणि पदराआडून हात माझ्याकडे आला.

माझ्या तळव्यावर काहीतरी ओलं, गरम ठेवलं गेलं. बघितलं तर कवळी! वरची आणि खालची, पूर्ण सेट. काय काम होतं! काय पॉलिश, काय फिटिंग, माझ्यापेक्षा दहापट सरस. मी दातांची डॉक्टर, सोळा वर्षं या बाईच्या शेजारी बसून जेवतेय!

काकी वळल्या. त्यांचेही गाल आत गेले होते.

"आता बरोबरीचं झालं," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. तोंडातला विडा काढून हातात घेतला.

"तुळसा, हे कधी?"

"ते राहू द्या," काकी म्हणाल्या. "आधी विडा धरा."